काटा साठावर

१

त्याला सगळे कानवाले म्हणत. इंजिन, ब्रेक, गिअर यांतलं काहीच तो हातात घेत नसे. त्याच्याकडे गाडी यायची ती एकाच तक्रारीसाठी: वेग वाढला की वारा शिट्टी मारतो. कुठे दाराचं रबर दबून गेलेलं असायचं, कुठे काचेची पट्टी सैल झालेली, तर कुठे आरशाच्या बुडाशी केसाएवढी फट पडलेली. बाकीचे गॅरेजवाले अशा गाडीपुढे हात टेकायचे आणि "कानवाल्यांकडे न्या" म्हणून मोकळे व्हायचे. हा गडी मात्र अशी गाडी आली की खुलायचा.

गाड्या शांत करता करता त्याने स्वतःचं घरही शांत करून टाकलं होतं. प्रत्येक दाराला दुहेरी रबर, प्रत्येक काचेला पट्टी. दार लावलं की कानात दडे बसायचे. बायको म्हणायची, "बाहेर जग बुडालं तरी आपल्याला दुसऱ्या दिवशी पेपरातच कळणार." ही आपली तारीफ आहे असं समजून तो खूश व्हायचा.

पण आवाज शोधायचा तर माणसं दोन लागतात. एकाने गाडी एकाच वेगात ठेवायची, दुसऱ्याने ऐकायचं. वेग पाच-दहाने जरी हलला तरी आवाज जागा बदलल्यासारखा वाटतो आणि मग घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळत नाही. चालवायचं काम वर्षानुवर्षं दादाकडे होतं. दादा म्हणजे त्याचा सख्खा मोठा भाऊ. दादा पिकअपमधून दुकानांना अंडी पोचवायचा, त्यामुळे त्याचा पाय लोण्यासारखा मऊ होता. कालव्याकाठच्या सरळ रस्त्याला लागलं की तो काटा साठावर नेऊन ठेवायचा आणि म्हणायचा, "हं, सांग. कुठून येतोय?"

कानवाला शेजारी डोळे मिटून बसलेला असायचा. एका कानात रबरी नळी, नळीचं दुसरं टोक हातात. ते टोक दाराच्या कडेकडेने फिरवत न्यायचा आणि थोड्या वेळाने सांगायचा, "आरशाकडून," किंवा "वरच्या कोपऱ्यातून." त्याचं उत्तर सहसा चुकत नसे. दादाच्या पुढच्या दाताचा एक टवका लहानपणीच उडाला होता. गाडी चालवताना त्या फटीतून त्याचा श्वास बारीक सुरात यायचा. जगातला तेवढा एकच आवाज कानवाल्याला कधी खुपला नव्हता.

गेल्या थंडीत दादा गेला. एका गोदामाच्या आवारात, भर दुपारी, स्वतःच्याच पिकअपमध्ये. माल भरायला वेळ होता म्हणून त्याने काचा लावल्या, इंजिन आणि हीटर चालू ठेवला आणि डोळा लागला तो लागलाच. डॉक्टरांनी झोपेत हृदय थांबलं असं सांगितलं.

२

आठ महिन्यांनी ती पिकअप गॅरेजच्या दारात आली. वहिनी चालवत होत्या. दादाच्या मागे अंड्यांची गिऱ्हाइकं त्यांनी एकटीने सांभाळली होती, आणि पायही तसाच कमावला होता.

"भाऊजी, हिला बघा जरा," खाली उतरता उतरता त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस झाले. डोकं उठतं माझं."

"वाऱ्याचा आवाज?"

"मग काय गाणं म्हणते का? वाऱ्याचाच."

"या गाडीला? वहिनी, हिची फट न फट मी स्वतः बंद केलेली आहे. हिच्यात मुंगीला शिरायची चोरी."

"मुंगीचं मला माहीत नाही. पण वाजते."

"किती वेगाला?"

"साठला. पन्नासला गप्प, सत्तरला गप्प." वहिनी किल्लीशी चाळा करत थांबल्या. "आणि हसू नका, पण इकडे येतानाच वाजते. तुमच्या गॅरेजकडे यायला लागले की. परत जाताना काही नाही. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला."

तो हसला नाही. "वारा एका दिशेने असतो ना," तो म्हणाला. "येताना समोरून लागत असेल, जाताना पाठीमागून."

म्हणणं अगदी बिनतोड होतं. फक्त कालव्याकाठची झाडं त्या दिवशी पानही हलवत नव्हती, आणि हे दोघांनाही दारातून दिसत होतं.

वहिनी आत चहा ठेवायला गेल्या. गॅरेजच्या मागच्या खोलीत त्यांचा वावर घरच्यासारखा होता. तो पिकअपभोवती एक चक्कर मारून आला. दारं, काचा, छत, आरसे सगळं त्याने नजरेखालून घातलं. ड्रायव्हरच्या सीटमागे केबिनची भिंत होती, तिच्यावर गालिच्याचं राखाडी कापड चिकटवलेलं होतं. तिथे मात्र त्याने पाहिलं नाही.

त्या कापडाखाली काय आहे हे जगात त्याला एकट्याला माहीत होतं. केबिनमधली हवा बाहेर जावी म्हणून कारखान्यातूनच तिथे एक झडप येते. हातभर लांबीची चौकट आणि तिच्यात रबराचे पातळ पडदे. साठला ते पडदे किंचित फडफडायचे. दादाला ऐकूही येत नव्हतं, पण याला यायचं. गेल्या वर्षी एका दुपारी दादा बाहेर कुणाशी बोलत असताना त्याने ती झडप न वाळणाऱ्या काळ्या पुट्टीने भरून टाकली आणि वरून कापड चिकटवलं. दादाला सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर दादा म्हणाला असता, राहू दे रे, एवढं काय.

आणि दादा गेल्यावर महिन्याभराने, असाच चहा गाळताना, वहिनी सहज बोलून गेल्या होत्या, "गाडीखाली सायलेन्सरचा जोड फुटला होता म्हणे. धूर खालीच कोंडायचा. मी बदलून घेतला." त्या क्षणी त्याला कापडाखालची झडप आठवली, आणि ती आजवर त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. धूर खालून येणार आणि आतली हवा बाहेर जायला वाट नाही. डॉक्टर हृदय म्हणाले होते, आणि हृदयही असू शकतं. रोज सकाळी तो स्वतःला हेच सांगायचा. वहिनींना मात्र त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती.

३

पहिल्या दिवशी त्याने शहाण्यासारखं सगळं रीतीने केलं. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढून बघायची. रबर घट्ट असेल तर ती अडून बसते. त्याने दोन्ही दारांना बारा-बारा ठिकाणी पट्टी लावली. चोवीसच्या चोवीस वेळा ती इतकी घट्ट बसली की ओढताना फाटली.

मग दोघं कालव्याच्या रस्त्याला लागले. वहिनी चालवत होत्या, तो शेजारी डोळे मिटून, कानात नळी घालून. आधी गॅरेजपासून दूर. काटा साठावर गेला. टायरची घरघर, इंजिनचा सूर, वहिनींच्या बांगडीचा स्टिअरिंगवर होणारा बारीक टिकटिकाट. बाकी केबिन शांत होती. त्याला क्षणभर आपल्या कामाचा अभिमानही वाटला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

पुलापाशी वहिनींनी गाडी वळवली.

साठला आवाज आला. बारीक, एकसुरी, मध्येच तुटणारा. चार-पाच सेकंद चालायचा, थांबायचा, पुन्हा चालायचा. वारा असा थांबत नाही. वाऱ्याला फट सापडली की तो वाजतच राहतो.

"आला ना?" वहिनी म्हणाल्या.

"आला."

त्याने नळी दाराच्या कडेने फिरवली, आरशाच्या कोपऱ्यात नेली, छताजवळ धरली. कुठेही आवाज वाढला नाही. मग हात आपोआप डावीकडून उजवीकडे गेला, वहिनींच्या खांद्यामागे, आणि नळीतून तो सूर इतक्या जवळून कानात शिरला की त्याने नळी उपटून काढली.

"काय झालं?"

"काही नाही. कानाला टोचली."

"कुठून येतोय?"

हा प्रश्न वहिनींच्या तोंडून त्याने पहिल्यांदाच ऐकला. "आरशाकडून असेल," तो म्हणाला. या धंद्यात 'असेल' हा शब्द त्याने कधी वापरला नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी त्याने आरसे काढून नव्याने बसवले. आवाज तसाच. काचांच्या पट्ट्या बदलल्या, तरी तसाच. मग त्याने शेवटचा उपाय काढला. गाडीच्या अंगावरची प्रत्येक फट बाहेरून कागदी टेपने बंद करायची आणि मग एकेक टेप काढत गाडी चालवायची. ज्या टेपमागे आवाज सुरू होईल तिथे चोर. दोघं केबिनमध्ये बसल्यावर शेजारच्या रंगाऱ्याने दारांवर बाहेरून टेप मारली. "कानवाले, पार्सल करताय का वहिनींना?" त्याने विचारलं. वहिनी खूप दिवसांनी मोकळ्या हसल्या.

लोकांना वाटतं वारा बाहेरून आत घुसतो म्हणून शिट्टी वाजते. तसं नसतं. धावत्या गाडीच्या अंगावरून वारा जाताना आतली हवा बाहेर ओढून घेतो, आणि वाजते ती बाहेर पडणारी हवा. हे कानवाल्याला दादानेच शिकवलं होतं.

सगळ्या फटी बंद असताना पुलापाशी वळल्यावर आवाज आला तो आदल्या दिवसापेक्षा मोठा. वहिनींनी ओठ घट्ट मिटले, पण काटा हलू दिला नाही. त्याने डोळे उघडले. काचेच्या कडेला मारलेली टेप बाहेरच्या बाजूला फुगत होती. फुगायची, थांबायची, सैल पडायची, पुन्हा फुगायची. तो मनात आकडे मोजू लागला. चार फुगताना, दोन थांबताना. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की आपणही त्याच लयीत श्वास घेतोय, आणि त्याने तो मुद्दाम मोडला.

गॅरेजसमोर गाडी थांबली. वहिनींनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. आवाज मात्र आणखी एकदा आला. पूर्ण, सावकाश, शेवटपर्यंत.



"गाडी आज इथेच ठेवते," वहिनी म्हणाल्या. "उद्या रिक्षाने येईन." उतरताना त्यांना दार ढकलून बाहेरची टेप फाडावी लागली. उतरल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं, अगदी हलक्या हाताने, आत कुणी निजलं असावं तसं.

५

तिसऱ्या दिवशी वहिनी यायच्या आधी तो गॅरेजमध्ये पोचला. सकाळचे दहा वाजले होते, ऊन चांगलं तापलं होतं, शेजारी रंगारी मशीन चालवत होता. घाबरण्यासारखं काही नव्हतं. पिकअप रात्रभर कुलूपबंद होती आणि किल्ली त्याच्या खिशात होती.

ड्रायव्हरच्या बाजूची काच आतून धुरकटली होती. तळहाताएवढा गोल, तोंडाच्या उंचीवर. बाकीच्या काचा लख्ख. रात्री गारठा पडला असेल, त्याने स्वतःला समजावलं. पण गारठा एकाच काचेवर कसा पडेल, हे काही त्याला समजावता येईना. तो बघत असतानाच गोल आकसला, रुपयाएवढा झाला आणि पुन्हा पसरला.

त्याने रंगाऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारून सांगणार काय? कुठून सुरुवात करणार?

शेवटी त्याने कुलूप काढलं. दार उघडताना आतून कसलाच वास आला नाही, कसलीच हालचाल झाली नाही. काचेवरचा गोल विरून गेला होता. त्याने ड्रायव्हरची सीट पुढे ओढली, गुडघे टेकले आणि तीन दिवस ज्या कापडाला बोट लावलं नव्हतं त्याला हात घातला.

कापड त्याने चिकटवलं होतं तसंच होतं. गोंदाची रेघ कुठेही तुटलेली नव्हती. त्याने पातं घालून एक कडा सोडवली आणि कापड खाली ओढलं.

पुट्टी गुळगुळीत असायला हवी होती. शेवटचा हात त्याने अंगठ्याने फिरवला होता, त्याला आठवत होतं. मधोमध एक खळगा होता. पुट्टी आतून बाहेर रेटल्यासारखी दबली होती. खळगा ओठांएवढा होता, आणि त्याच्या वरच्या कडेला बारीक खुणांची रांग होती. सहा खुणा होत्या. मधली एक अर्धीच उमटली होती.

  मग त्याने ती पुट्टी पात्याने, मग नखांनी, मग दोन्ही हातांनी खरवडून काढली. शेवटचा गोळा सुटला तेव्हा रबराचे पडदे उघडले आणि केबिनमधली हवा त्याच्या गालाला घासून बाहेर जाऊ लागली. केबिन ती केवढी, हवा ती किती असणार! तरी ती जातच राहिली. तो मोजत होता. चाळीसनंतर त्याने मोजणं सोडलं.

६

"सापडलं," वहिनी आल्यावर तो म्हणाला. "मागे एक रबर खराब झालं होतं. काढून टाकलं."

बोलताना आवाज नीट निघाला याचं त्याला नवल वाटलं. पुट्टीचा गोळा त्याने फडक्यात गुंडाळून कपाटात, खालच्या खणात टाकला होता.

"एवढंच?"

"एवढंच."

ते कालव्याच्या रस्त्याला लागले. जाताना शांतता होती, आणि ती नेहमीसारखी दडपणारी नव्हती. पडदे मागे हलकेच फडफडत होते. त्याच फडफडीसाठी त्याने झडप बंद केली होती, आणि आज ती त्याला घरच्या माणसाच्या चाहुलीसारखी वाटली. वहिनींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "जिंकलात भाऊजी," त्या म्हणाल्या. "उगाच नाही कानवाले म्हणत."

पुलापाशी गाडी वळली. काटा साठावर गेला.

आणि आवाज आला. झडप उघडी होती, सगळ्या फटी तपासलेल्या होत्या, तरी आला. तोच बारीक सूर. आता नळीचीही गरज नव्हती. लहानपणापासून हजार वेळा ऐकलेला तो सूर त्याने ओळखला, आणि पहिल्या दिवसापासून आपण तो ओळखत होतो हेही त्याला कळून चुकलं.

"वहिनी," तो म्हणाला. "गाडी बाजूला घ्या."

वहिनींनी कडेला घेऊन इंजिन बंद केलं, किल्ली काढून मुठीत धरली. सूर चालूच होता, दोघांच्या मध्ये कुठेतरी.

त्याने सांगितलं. झडप, पुट्टी, कापड, दादा बाहेर बोलत उभा होता ती दुपार. सायलेन्सरचा जोड आणि तो गाळलेला चहा. सांगताना तो समोर रस्त्याकडेच बघत होता. सगळं मिळून चार-पाच वाक्यांत संपलं, आणि इतके महिने हे एवढंसंच आपल्याला पेलत नव्हतं याचा त्याला राग आला.



"माझ्या घरी येऊन चहा पीत होतात," वहिनी म्हणाल्या. "दर आठवड्याला. आमच्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत होतात."

"हो."

"डॉक्टर हृदय म्हणाले होते."

"असेल. मला माहीत नाही, वहिनी. कधीच कळणार नाही."

"मला तर आता तेवढंही म्हणता येणार नाही. झोपेत सुखाने गेले, हे एवढं एक माझ्याकडे होतं. तेही घेतलंत."  त्यांनी पदराने डोळे नाही पुसले, तळव्याने पुसले, रागाने. मग मान वळवून त्या सुराकडे कान दिल्यासारख्या थांबल्या. "आणि हे? हे मला ऐकू येतंय ते काय आहे?"

त्याने मांडीवरची नळी गुंडाळून खिशात ठेवली.

"मी उतरते," वहिनी म्हणाल्या. "मला जे सांगायचं ते सांगितलंत. ज्याला आधी सांगायला हवं होतं त्याला सांगा."

७

दार लागलं. वहिनी कालव्याच्या कठड्यापाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. किल्ली त्यांच्या मुठीत होती.

कानवाला नेहमीच्या जागी बसला होता, ऐकणाऱ्याच्या. शेजारची सीट रिकामी होती. तिच्याकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही. तिकडच्या काचेवर धुरकट गोल हळूहळू मोठा होत होता, तेवढं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. लहानपणी भीती वाटली की तो दादाच्या सदऱ्याचं टोक धरायचा. हात तसा जाऊ पाहत होता. त्याने तो मांडीखाली दाबून धरला आणि सवयीप्रमाणे डोळे मिटले.

डोळे मिटल्यावर सगळं नीट ऐकू आलं. टायरची घरघर, इंजिनचा एकसारखा सूर, मागे फडफडणारे पडदे. पाठीला सीटची ती बारीक थरथर जाणवली, साठलाच येते ती. इंजिन बंद आहे, किल्ली बाहेर आहे, गाडी कडेला उभी आहे, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने ते मनात दोनदा म्हटलं. घरघर थांबली नाही. पाय कुणाचा होता ते सांगायला नको होतं, कारण काटा जराही हलत नव्हता.

कुणी काही विचारलं नाही. पण तो प्रश्न त्याने आयुष्यभर ऐकला होता, आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय आजवर गाडी कधी परत वळली नव्हती.

"माझ्याकडून, दादा," तो म्हणाला. "माझ्याकडून येतोय."

शेजारून एक लांब श्वास सुटला. दाताच्या फटीतून, बारीक, संपेपर्यंत. मग तोही थांबला.

कानवाल्याने डोळे उघडले. शेजारची सीट रिकामी होती आणि काच स्वच्छ होती. बाहेर वहिनी अजून पाठमोऱ्याच उभ्या होत्या, किल्लीची मूठ छातीशी धरून. कालव्याचं पाणी जागचं हलत नव्हतं.

समोरचा काटा साठावरून हळूहळू खाली येत होता.